सहा आठवड्यांचं पिल्लू नको, पूर्ण वाढलेला ससा बघा

प्रश्न : नमस्कार ताई. घरात आम्ही चौघं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. कुत्र्याला फिरवायला वेळ होणार नाही आणि मांजराने माझ्या नवऱ्याला शिंका येतात. मुलांनी कुत्र्याएवढ्या सशाचा एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून तसाच ससा हवा म्हणून हट्ट धरलाय. एका विक्रेत्याकडे फ्लेमिश जायंटची सहा आठवड्यांची पिल्लं आहेत. तो म्हणतो, ही जात अगदी गरीब, मुलांच्या मांडीवर बसून राहते. पिंजऱ्यात ठेवा, गाजर-पाला घाला, बाकी काही लागत नाही. रविवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर पिल्लू दुसऱ्याला जाईल. घ्यावं का?
दोन मुलांची आई

उत्तर : रविवारी पैसे भरू नका. मुदत जवळ आली आहे म्हणून हे आधी सांगते. मोठ्या जातीचा ससा तुमच्या घरात नकोच, असं माझं म्हणणं नाही. घराची तयारी असेल तर इतकं शांत आणि माणसाळणारं जनावर शोधून सापडायचं नाही. पण हे पिल्लू, या वयात आणि या माणसाकडून घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

सहा आठवडे म्हणजे फारच लवकर. या सुमारास पिल्लू आईच्या दुधावरून गवतावर येत असतं आणि पचनाला लागणारे पोटातले जिवाणू अजून स्थिरावलेले नसतात. नेमक्या याच दिवसांत जागा बदलली, खाणं बदललं, आई-भावंडं सुटली की जुलाब लागतात आणि पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं. कुठल्याही सशाचं पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. मोठ्या जातींची वाढ सावकाश होते, त्यांना दहा-बारा आठवडे मिळाले तर जास्त चांगलं. ज्याला आपल्या जनावरांची काळजी आहे तो हे स्वतःहून सांगतो. तो मुदती घालत नाही. उलट तोच तुम्हाला विचारतो, की जागा किती आहे, दिवसा घरी कोण असतं, सशांचं कळणारा डॉक्टर ओळखीचा आहे का. तुमच्या पत्रात विक्रेत्याने तुम्हाला काही विचारल्याचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आता तो म्हणतो ते एकेक करून बघू. जात गरीब आहे, हे खरं. फ्लेमिश ससे लहान जातींपेक्षा सहसा निवांत असतात, उगीच दचकत नाहीत, दिवसाचा बराच वेळ पाय पसरून पडून राहतात. पण सगळेच मोठे ससे असे नसतात. ठिपक्यांचा चेकर्ड जायंट दिसायला देखणा, पण अंगात नुसती धावपळ. लहान मुलांच्या घरात मी तो सुचवणार नाही. आणि जातीचा स्वभाव कितीही चांगला असला तरी लहानपणी माणसाचा हात न लागलेला किंवा सतत उचलून घाबरवलेला ससा मोठेपणी चावतो आणि नखं मारतो. सात किलोच्या सशाच्या मागच्या पायाची लाथ साधी नसते.

आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण व्हिडिओत त्याचा अंदाज येत नाही. फ्लेमिश जायंट ही बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातली, गेंट शहराच्या आसपासची जुनी जात. मुळात ती मांस आणि कातडीसाठी वाढवली गेली. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या मानकांनुसार प्रौढ नर किमान १३ पौंडांचा आणि मादी किमान १४ पौंडांची हवी. म्हणजे सुरुवातच साधारण सहा किलोपासून, आणि वर मर्यादा नाही. तिच्या जवळच्याच कॉन्टिनेंटल जायंट जातीतल्या एका सशाची लांबी २०१० मध्ये १२९ सेंटीमीटर भरली होती आणि गिनेसच्या विक्रमांत तिची नोंद झाली. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीपेक्षा हे बहुधा जास्तच असेल. प्रत्येक ससा एवढा होत नाही, पण हाताच्या ओंजळीत मावणारं आजचं पिल्लू वर्ष-दीड वर्ष वाढत राहणार आहे, हे धरूनच चाला. उलट बाजूही आहे. संकर केलेली पिल्लं ‘जायंट’ म्हणून विकली जातात आणि ती तीन किलोंवर थांबतात. म्हणून कुणाकडूनही पिल्लू घेताना आई-बाप दोन्ही समोर बघायचे आणि वजनकाट्यावर घालायला सांगायचे. आई-बाप दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तिथून निघायचं.

मांडीवर बसून राहण्याची गोष्ट मात्र मुलांच्या मनातून तुम्हालाच काढावी लागेल. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. त्याला वरून कुणी उचललं की शरीर सांगतं, आपल्याला पकडलं. मग तो पूर्ण ताकदीने मागचे पाय झाडतो. सशाच्या हाडांचं वजन शरीराच्या आठ टक्क्यांच्या आसपास, मांजराचं बारा-तेरा टक्के. हाडं हलकी आणि मांड्यांचे स्नायू दांडगे. त्यामुळे लटकलेल्या अवस्थेत जोरात लाथ मारली तर स्वतःच्याच झटक्याने त्याचा कमरेचा मणका मोडू शकतो. मागचे पाय कायमचे लुळे पडतात. जितका ससा जड, तितका हा धोका मोठा. नऊ वर्षांच्या मुलीने सात किलोचं धडपडणारं जनावर सुरक्षित धरणं शक्य नाही, मग ती कितीही समजूतदार असो.

म्हणून घरात एकच नियम करा : उचलायचं फक्त मोठ्यांनी, तेही गरज असेल तेव्हाच. उचलताना एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या लगेच मागे जातो. दुसरा हात मागून ढुंगणाखाली, इतका पूर्ण की मागच्या पायांचे तळवे तुमच्या हातावर नाहीतर पोटावर टेकलेले राहतील. मग त्याचं अंग आपल्या अंगाशी घट्ट घ्यायचं. खाली ठेवताना आपण आधी गुडघ्यावर बसायचं, आणि जमीन दिसली की तो उडी घ्यायला बघतो, म्हणून मागचा भाग टेकेपर्यंत पकड सोडायची नाही. कान धरून उचलणं हा निव्वळ छळ आहे. आणि उताणं केल्यावर ससा निपचित पडतो ते मजेने नव्हे, भीतीने. व्हिडिओत कितीही गोड दिसलं तरी मुलांना ते करू देऊ नका.

मग मुलांना काय मिळणार? खूप मिळेल, पण जमिनीवर. मुलांनी चटईवर पालथं पडून पुस्तक वाचायचं आणि ससा येईल याची वाट बघायची. पहिल्या दिवशी तो लांबूनच बघेल. मग कधीतरी मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून, पायाची बोटं हुंगून जाईल. रोज हेच झालं की एक दिवस तो हनुवटी पुस्तकाच्या कडेवर घासतो. तिथे त्याच्या वासाच्या ग्रंथी असतात आणि ‘हे माझं’ अशी ती खूण असते. त्यानंतर कपाळावर आणि डोळ्यांच्या मधे हात फिरवून घेतो, दात हलके हलके घासतो. तो आवाज समाधानाचा. कचकचून दात वाजवत कोपऱ्यात आखडून बसला असेल तर मात्र वेदना असतात. मागचा पाय जमिनीवर आपटला तर त्याला कशाची तरी भीती वाटली आहे. नऊ वर्षांच्या मुलीला हे सगळं छान शिकता येईल. सहा वर्षांच्या मुलाबरोबर अजून काही वर्षं कुणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं.

पिंजऱ्याचा विषय मी फार ताणत नाही : मोठ्या सशाला बाजारातला पिंजरा पुरत नाही. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन साधारण आकाराच्या सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सांगते, आणि ती चोवीस तास मोकळी असायला हवी. तुमचा ससा याहून मोठा असणार. मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला टेकू नयेत, आणि तीन-चार उड्या सलग मारता याव्यात. व्यवहारात याचा अर्थ असा, की एक खोली किंवा खोलीचा मोठा कोपरा त्याचा. तिथल्या विजेच्या वायरी झाकलेल्या हव्यात, कारण वायर दिसली की तो ती कुरतडणारच.

जमिनीकडे नीट लक्ष द्या. कुत्र्या-मांजरांच्या पायाला गादी असते, सशाला नसते. फक्त दाट केस असतात. सगळं वजन मागच्या टाचांवर. जड ससा जाळीच्या तळावर किंवा ओल्या, कडक जमिनीवर बसून राहिला की आधी तिथले केस झिजतात, मग लालसर गुळगुळीत चट्टा दिसतो, मग कातडी फाटून जखम होते, आणि ती हाडापर्यंत गेली तर बरी करणं फार अवघड होऊन बसतं. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, मोठ्या सशाचे सांधे तसेही लवकर कुरकुरतात. तेव्हा जाडसर, न सरकणारी चटई किंवा गालिचा हवा. आठवड्यातून एकदा त्याच्या टाचांकडे बघायचं. चट्टा लालसर असतानाच लक्षात आला तर बहुतेक वेळा अंथरूण मऊ आणि कोरडं करून भागतं.

शी-शूसाठी मांजराचा ट्रे लहान पडेल, मोठं उथळ टब घ्या. तळाला कागदाच्या किंवा लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या, मांजराची गोळा होणारी माती अजिबात नको. टबाच्या एका टोकाला गवत ठेवलं की ससा तिथेच बसून खातो आणि तिथेच लेंड्या टाकतो, सवय लावायला वेगळं काही करावं लागत नाही. नसबंदी झालेला ससा ही सवय चांगली पाळतो.

गाजर-पाल्याने पोट भरत नाही. सशाच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाळलेलं गवत असायला हवं, दिवसरात्र समोर, हवं तितकं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. गवत चावून चावूनच ते झिजतात. आतडं चालू राहतं तेही गवतातल्या तंतूंमुळे. जोडीला रोज थोडा हिरवा पाला, आणि मोजून दिलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या. गाजर आणि फळं म्हणजे साखर, तुकडाभर कधीतरी. लसूणघास (अल्फाल्फा नावाचा चारा) पिल्लांना चालतो. पूर्ण वाढलेल्या सशाला तो रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार. कांदा, लसूण, चॉकलेट, अव्होकाडो कधीच नाही. पाणी जड वाडग्यात ठेवा, एवढ्या मोठ्या जनावराला नळीच्या बाटलीतून थेंब थेंब पुरत नाही.

ससा रात्री आणि पहाटे स्वतःच्या मऊ, चकचकीत लेंड्या थेट शेपटीखालून तोंडाने घेऊन खातो. मुलं हे बघून ‘शी’ म्हणतील, पण त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, ते थांबवायचं नसतं. लठ्ठ झालेल्या मोठ्या सशाला मात्र तिथपर्यंत वाकताच येत नाही. मग मागचा भाग घाण राहतो, माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कातडी खायला लागतात. म्हणून गरम दिवसांत रोज शेपटीखाली बघायचं. मादीच्या हनुवटीखाली कातडीची जाड घडी असते, पाणी पिताना ती भिजून आत ओलं राहतं. तीही पुसून कोरडी करायची.

आता ज्यावर निर्णय अडायला हवा ती गोष्ट : डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर सशांवर उपचार करू शकतोच असं नाही. ससा घ्यायच्या आधी जवळच्या पशुवैद्यांना फोन करून विचारा, ‘सशाची नसबंदी करता का, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला किती वेळ उपाशी ठेवायचं?’ ससा ओकू शकत नाही आणि त्याचं आतडं रिकामं राहून चालत नाही, म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. ‘आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि तो दगावू शकतो. कुत्र्यांच्या पिसवांवर वापरलं जाणारं फिप्रोनिल त्याला विषारी आहे. असा डॉक्टर तुम्हाला सापडला नाही, तर ससा घेऊ नका. यावर माझी तडजोड नाही.

याचं कारण सशाचं आजारपण फार लपून येतं. तो ओरडत नाही, लंगडत नाही, फक्त खाणं सोडतो. दहा-बारा तास गवताला तोंड लावलं नाही, ट्रेमध्ये लेंड्या नाहीत किंवा एकदम बारीक झाल्यात, तर आतडं थांबतंय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘उद्यापर्यंत वाट बघू’ यात ससे जातात. रोज सकाळी ट्रे साफ करताना लेंड्या बघण्याचं काम म्हणूनच मोठ्या माणसाचं. उष्णताही अशीच घात करते. सशाला घाम येत नाही, अंगातली गरमी तो मुख्यतः कानांतून सोडतो. पंधरा ते वीस अंश सेल्सियस त्याला सुखाचं, तिशीकडे पारा गेला की धोका. मोठ्या अंगाचा ससा लवकर तापतो. बंद गॅलरीत त्याला कधीच ठेवू नका, थंड खोली द्या.

मादी असेल तर शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढून टाकणं मी ऐच्छिक मानत नाही. न केलेल्या, चार वर्षांवरच्या माद्यांच्या पाहण्यांमध्ये निम्म्याहून अधिक जणींना गर्भाशयाचा कर्करोग आढळलेला आहे. मिक्सोमॅटोसिस आणि सशांचा रक्तस्रावी ताप या सशांच्या दोन जीवघेण्या रोगांच्या लसी मिळत असतील तर त्या घ्याव्यात.

यजमानांच्या शिंकांकडे दुर्लक्ष करू नका. सशाच्या केसांनी आणि लाळेनेही अनेकांना त्रास होतो, आणि रोजच्या वाळलेल्या गवताची धूळ वेगळीच. ते ससा असलेल्या घरात तासभर बसून, गवत हाताळून आल्याशिवाय काही ठरवू नका. वेळेचाही हिशोब नीट मांडा. फिरवणं वाचेल, पण ट्रे, गवत, पाणी, झाडलोट, केस विंचरणं आणि रोज दोन-तीन तास त्याच्या खोलीत कुणीतरी असणं, हे सगळं आहेच. मुलांचा उत्साह ओसरल्यावर हे तुमच्याकडे येणार आहे. त्यामुळे खरा प्रश्न असा, की हा ससा तुम्हाला हवा आहे का? पत्रात मुलांची इच्छा आहे, तुमची मला दिसली नाही.

तुम्हालाही हवा असेल, तर माझा सल्ला असा : पिल्लाचा नाद सोडा आणि दीड-दोन वर्षांचा, नसबंदी झालेला मोठा ससा दत्तक घ्या. ‘एवढा होईल असं वाटलं नव्हतं’ म्हणून लोक असे ससे सोडून देतात, त्यामुळे प्राण्यांच्या आसऱ्यांमध्ये आणि सशांना घरं शोधून देणाऱ्या गटांकडे ते असतात. त्याचा आकार समोर दिसतो, स्वभाव कळलेला असतो, मुलांच्या आवाजाला तो कसा वागतो हे तिथेच बसून बघता येतं. दिसेल ते कुरतडत सुटण्याचं आणि वयात येतानाच्या दांडगाईचं वय त्याने बहुधा ओलांडलेलं असतं. एक गोष्ट कठीण आहे, तीही सांगते. लहान ससे दहा-बारा वर्षं जगतात, पण हे मोठे ससे बहुतेक पाच ते आठच. म्हणजे तुमची मुलं शाळेत असतानाच त्याचं म्हातारपण आणि मरण बघतील. त्यासाठी ससा घेऊच नये असं मला वाटत नाही, पण मुलीला हे घेण्याआधीच सांगा, नऊ वर्षांच्या मुलीला ते कळतं. ससे जोडीने सुखी असतात, तेव्हा आधीपासून जमलेली जोडी मिळत असेल तर एकट्यापेक्षा ती घ्या. जागा तेवढी हवी.

बघायला जाल तेव्हा पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात का ते पाहा. नाक कोरडं हवं. पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतील तर तो गळणारं नाक पुसत असतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. टाचा आणि शेपटीखालचा भाग उलगडून बघा. येताना त्याच्या रोजच्या खाद्याची आणि गवताची पिशवी मागून घ्या, आणि नवं खाद्य त्यात आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत जा. पहिले दोन दिवस त्याला खोलीत एकटं सोडा, मुलांना दारातून बघू द्या, आणि त्या पहिल्या रात्रीच गवत खाल्लंय की नाही ते बघून मगच झोपा.